पीआयआर डिटेक्टरचे खोटे अलार्म: सिग्नल कुठे फसतो आणि तो कसा गाळायचा

पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) डिटेक्टर अंगातून निघणाऱ्या उष्णतेवरून माणसाची हालचाल ओळखतो. त्याचे खोटे अलार्म यायला लागले की पहिला हात सेन्सिटिव्हिटीच्या प्रिसेटकडे, म्हणजे ती कमीजास्त करायच्या छोट्या पेचाकडे, जातो. तो मागे फिरवला की काही दिवस शांतता मिळते. नंतर चालून पाहिले तर खरा माणूसही सहा मीटरवर दिसेनासा झालेला असतो. ऊन, वारा, मोबाइल, इन्व्हर्टर यांनी उठवलेला सिग्नल बहुतेक वेळा माणसाच्या सिग्नलपेक्षा मोठा असतो. त्यामुळे नुसत्या उंचीवरून निवड करायला गेलात तर माणूस आधी गळतो आणि गडबड तशीच राहते. निवड करायची ती सिग्नलच्या आकारावरून: तो किती रुंद आहे, वर जातो की खाली, आणि एकदाच येतो की उलटसुलट पुन्हा येतो.

खाली आधी सेन्सर काय देतो ते, मग ते वाढवणारे सर्किट, मग मायक्रोकंट्रोलरमधील निवड आणि शेवटी जागा, सप्लाय व तपासणी आहे. तयार मॉड्यूल वापरणाऱ्यांनी सर्किटचा भाग सोडला तरी पल्सचा भाग सोडू नये.

सेन्सरमधून काय बाहेर येते

धातूच्या टोपीखाली पायरोइलेक्ट्रिक पदार्थाच्या दोन पट्ट्या असतात. सर्वसाधारण सेन्सरमध्ये प्रत्येक पट्टी १ मिमी रुंद, २ मिमी उंच आणि दोघींमध्ये १ मिमी अंतर असते. दोन्ही एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात. दोघींवर सारखीच उष्णता पडली तर बेरीज शून्य होते. एकीवर पडून मग दुसरीवर सरकली तर आधी एका दिशेचा आणि मग उलट दिशेचा पल्स मिळतो. खोलीचे तापमान हळूहळू वाढले, समोरची भिंत तापली, तर त्याची दखल सेन्सर स्वतःच घेत नाही. पहिली गाळणी ही अशी सेन्सरच्या आतच असते.

टोपीवरची काळपट खिडकी साधारण ५ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच पुढे जाऊ देते. माणसाच्या त्वचेतून बाहेर पडणारी उष्णता साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असते. खिडकीची साधी काच ही तरंगलांबी अडवते. म्हणून काचेपलीकडचा माणूस पीआयआरला दिसत नाही. पण काचेतून आलेले ऊन आतली फरशी, पडदा किंवा डिटेक्टरचे कव्हर तापवते, आणि ते मात्र दिसते.

पुढच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या फ्रेनेल लेन्समध्ये अनेक छोटी भिंगे असतात. प्रत्येक भिंग दोन पट्ट्यांची प्रतिमा खोलीत टाकते. लेन्सचे फोकल अंतर २५ मिमी धरले तर ५ मीटरवर सगळे २०० पट मोठे होते: २०० मिमीचा एक पट्टा, २०० मिमीची मोकळी जागा, पुन्हा २०० मिमीचा पट्टा. दोन पट्ट्यांचे मध्य ४०० मिमी अंतरावर. सेकंदाला १ मीटर चालणारा माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात ०.४ सेकंदात जातो, म्हणजे पूर्ण आवर्तन सुमारे ०.८ सेकंदाचे, १.२५ हर्ट्झचे. तोच माणूस १ मीटरवरून गेला तर ६ हर्ट्झच्या आसपास, १० मीटरवरून गेला तर ०.६ हर्ट्झ. पीआयआरच्या सर्किटमध्ये ०.३ ते ७ हर्ट्झ असा वारंवारतेचा पट्टा ठेवतात तो या हिशेबाने. तुमची लेन्स वेगळी असेल तर तिचे फोकल अंतर घालून हा हिशेब आधी करा. पुढचे सगळे आकडे त्यावर उभे राहतात.

सरळ डिटेक्टरच्या दिशेने चालत येणारा माणूस बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो, त्यामुळे सिग्नल फार क्षीण मिळतो. येण्याजाण्याची वाट पट्ट्यांना आडवी कापेल अशी जागा निवडणे हे कोणत्याही प्रिसेटपेक्षा मोठे काम करते.

सर्किट: दहा हजार पट वाढवताना काय सांभाळायचे

सेन्सरच्या आत एक ट्रान्झिस्टर असतो: त्याच्या ड्रेन पिनला सप्लाय द्यायचा, सोर्स पिनवर सिग्नल मिळतो. हा सिग्नल मिलिव्होल्टच्या आत-बाहेर असतो. तो दोन टप्प्यांत प्रत्येकी सुमारे १०० पट, एकूण १०,००० पट वाढवायचा. एमसीपी ६००२ हा दुहेरी ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप) ५ व्होल्टवर चांगला चालतो. एलएम ३२४ हाताशी असतो, पण ५ व्होल्टवर त्याचे आउटपुट सुमारे साडेतीन व्होल्टच्या वर जात नाही आणि त्याचा इनपुट करंट १ मेगाओहमवर ऑफसेट तयार करतो. तो टाळा.

जोडणी अशी: सेन्सरच्या ड्रेनला ५ व्होल्ट १० किलोओहममधून द्या आणि ड्रेनपासून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड व त्याला समांतर १०० नॅनोफॅरड लावा. सोर्सपासून ग्राउंडला ४७ किलोओहम. सोर्स थेट पहिल्या ऑप-अँपच्या प्लस इनपुटला. मायनस इनपुटपासून ग्राउंडकडे १० किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरड एकापुढे एक; आउटपुटपासून मायनस इनपुटला १ मेगाओहम आणि त्याला समांतर २२ नॅनोफॅरड. खालची सीमा ०.३४ हर्ट्झ, वरची ७.२ हर्ट्झ मिळते. दुसरा टप्पा उलटवणारा: पहिल्याच्या आउटपुटमधून ४७ मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम घेऊन मायनस इनपुटला, फीडबॅक पुन्हा १ मेगाओहम व २२ नॅनोफॅरड. प्लस इनपुटला २.५ व्होल्टचा मध्यबिंदू, जो १०० किलोओहमच्या दोन रेझिस्टरमधून काढायचा.

हा मध्यबिंदू बहुतेक घरगुती सर्किटांत निष्काळजीपणे केलेला असतो. प्लस इनपुटवर जे काही हलते ते दुसरा टप्पा १०१ पट वाढवतो. सप्लायमध्ये १० मिलिव्होल्टचा सावकाश हेलकावा असेल तर मध्यबिंदूवर ५ मिलिव्होल्ट येतो आणि आउटपुटवर अर्धा व्होल्ट, म्हणजे माणूस गेल्यासारखाच. मध्यबिंदूपासून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड लावला की तिथली सीमा ०.०३ हर्ट्झपर्यंत खाली येते आणि हा मार्ग जवळजवळ बंद होतो. सेन्सरच्या ड्रेनवरचा फिल्टरही त्याच कारणासाठी. सप्लायच्या त्या हेलकाव्याचा हजारावा भाग जरी सोर्सवर उतरला तरी पुढे तो ०.१ व्होल्ट होतो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची दिशा तपासा. पहिल्या टप्प्यात प्लस टोक ऑप-अँपकडे. दोन टप्प्यांमधल्या कपॅसिटरचे प्लस टोक दुसऱ्या टप्प्याकडे, कारण पहिल्याचे आउटपुट १ व्होल्टच्या आत बसलेले असते आणि दुसऱ्याचे इनपुट २.५ व्होल्टवर. उलट लावला तर तो गळतो. अर्धा मायक्रोअँपिअर गळती १ मेगाओहममधून गेली की आउटपुट अर्धा व्होल्ट सरकते, तेही तापमानासोबत कमीजास्त होत. दुपारी खोटे अलार्म आणि रात्री शांतता, याचे कारण कधी कधी एवढेच असते.

वीज दिल्यानंतर हे कपॅसिटर १ मेगाओहममधूनच भरतात, म्हणून पहिला अर्धा-पाऊण मिनिट आउटपुट एका टोकाला चिकटून राहते. पहिली ९० सेकंद अलार्म दाबून ठेवा. वीज गेली-आली की सायरन वाजतो अशी तक्रार असेल तर आधी हेच पाहा.

सोर्स आणि ग्राउंड यांच्यामध्ये, अगदी पिनांना लागून, १ नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. मोबाइल, वॉकीटॉकी आणि वाय-फाय यांचे स्फोटासारखे प्रसारण सेन्सरच्या आतल्या ट्रान्झिस्टरमध्ये शिरून सावकाश पल्ससारखे दिसते. ते तिथेच अडवायचे. सेन्सर ते ऑप-अँप तार १ सेंटिमीटरपेक्षा लांब नको.

मायक्रोकंट्रोलरमधील निवड

५ व्होल्टचा आर्दुइनो नॅनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड पुरतो. त्याच्या १० बिटच्या वाचनात एक काउंट म्हणजे सुमारे ४.९ मिलिव्होल्ट, आणि शांत अवस्थेत वाचन ५१२ च्या आसपास हवे. आधी ते पाहा. ४५० पेक्षा कमी किंवा ५७५ पेक्षा जास्त असेल तर वर सांगितलेली गळती शोधा, प्रोग्रामने झाकू नका.

१. दर ५ मिलिसेकंदाला एक वाचन घ्या आणि चार-चार वाचनांची सरासरी काढा. ही २० मिलिसेकंदांची सरासरी ५० हर्ट्झ आणि १०० हर्ट्झ दोन्ही पुसून टाकते. गरज खरी आहे: वरच्या फिल्टरनंतरही ५० हर्ट्झला सुमारे २०० पट गेन (वाढ) शिल्लक असतो, म्हणजे इनपुटवर १ मिलिव्होल्ट गुणगुण असेल तर आउटपुटवर ०.२ व्होल्ट. वाचनाची वेळ टायमरने बांधा. मधे डिस्प्ले किंवा सिरियल प्रिंटिंगमुळे अंतर कमीजास्त झाले तर ही सफाई होत नाही.

२. पायाची, म्हणजे शांत अवस्थेतली, पातळी सावकाश सरकवा: नवे मूल्य आणि पाया यांतील फरकाचा १०२४ वा भाग दर सरासरीला पायात मिळवा. सेकंदाला ५० सरासऱ्या असल्याने पाया सुमारे २० सेकंदांच्या चालीने सरकतो. पल्स चालू असताना पाया गोठवा, नाहीतर सावकाश चालणारा माणूसच पाया बनतो.

३. गोंगाट मोजा. पल्स नसताना फरकाच्या निव्वळ मूल्याची सरासरी २५६ च्या भागाने, म्हणजे सुमारे ५ सेकंदांच्या चालीने, ठेवा. उंबरठा, म्हणजे पल्स मानण्यासाठी लागणारा किमान फरक, या सरासरीच्या पाचपट घ्या, पण ४० काउंटपेक्षा कमी नको आणि १५० पेक्षा जास्त नको. गोंगाटाची पाचपट १५० च्या वर मिनिटभर टिकली तर अलार्म न देता ‘बिघाड’ असा वेगळा इशारा द्या. आपोआप वाढणाऱ्या उंबरठ्याला वरची मर्यादा नसेल तर गोंगाट हळूहळू वाढत जातो, उंबरठाही वर चढत जातो आणि एके दिवशी डिटेक्टर आंधळा झालेला असतो, कोणालाही न कळता.

४. पल्स उंबरठ्यावर सुरू करा, पण संपवा उंबरठ्याच्या ६० टक्क्यांवर. एकच पातळी ठेवली तर कडेवर थरथरणारा एक पल्स चार-पाच म्हणून मोजला जातो. पल्स-मोजणी असूनही खोटे अलार्म येण्याचे हे नेहमीचे कारण.

५. रुंदी तपासा. ६० मिलिसेकंदांपेक्षा अरुंद आणि २ सेकंदांपेक्षा रुंद पल्स फेकून द्या. हिशेब वर केलाच आहे: १ मीटरवरून जाणाऱ्या माणसाचा अर्धा भाग ८० मिलिसेकंदांचा असतो, आणि ६ मीटरवर सेकंदाला ३० सेंटिमीटर सरकणाऱ्याचा १.६ सेकंदांचा. रिलेचा झटका आणि स्विचची ठिणगी खालच्या सीमेखाली पडतात.

६. दिशा तपासा. वर गेलेल्या पल्सनंतर २.५ सेकंदांच्या आत खाली जाणारा (किंवा उलट) यायला हवा. एकाच दिशेचे लागोपाठ पल्स मोजू नका.

७. उंचीचे प्रमाण तपासा. दुसरा पल्स पहिल्याच्या निदान ३५ टक्के हवा. पायरीसारख्या एकाच बदलाने, जसे हीटर चालू होणे, फिल्टर स्वतःच १५-२० टक्क्यांचा उलटा पल्स तयार करतो. मोठ्या पायरीत हा उलटा भागही उंबरठा ओलांडतो आणि दिशेची अट फसते. ३५ टक्क्यांची अट तिथे कामी येते.

८. अशा अदलाबदलीच्या किती पल्सवर अलार्म द्यायचा हे जागेवर ठरते. रुंद कोनाच्या लेन्सखालच्या खोलीत ५ सेकंदांत तीन. पडद्यासारखा एकच अरुंद पट्टा पाहणाऱ्या लेन्सने दार राखायचे असेल तर दोनच, कारण चोर तिथून एकदाच जाणार आहे.

सातव्या अटीची मर्यादा ओळखून राहा. गाडीच्या हेडलाइटचा झोत अर्धा सेकंद पडून गेला तर चढताना एक पायरी आणि उतरताना दुसरी, असे जवळजवळ सारख्या उंचीचे दोन उलटे पल्स मिळतात. प्रमाणाची अट त्यांना अडवत नाही. तिसऱ्या पल्सची अट अडवते. रस्त्याकडच्या खोलीत दोन पल्सवर अलार्म ठेवू नका.

उन्हाळा

पीआयआर तापमान मोजत नाही, माणूस आणि पार्श्वभूमी यांतला फरक पकडते. कपडे आणि उघडी त्वचा यांचे पृष्ठभाग ३० ते ३५ अंशांच्या आसपास असतात. मार्च ते मे या काळात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीही त्याच पातळीला येतात, आणि माणूस जवळजवळ पुसला जातो. म्हणून चांगल्या डिटेक्टरमध्ये तापमान पाहून गेन वाढवलेला असतो. मायक्रोकंट्रोलरमध्ये १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर (तापमानाने बदलणारा रेझिस्टर) लावून हेच उंबरठ्यावर करा: २७ अंशांपर्यंत उंबरठा पूर्ण, ३४ पर्यंत सरळ रेषेत उतरवत ६० टक्के, ३७ पर्यंत तसाच, ४२ ला पुन्हा पूर्ण. गोंगाटाच्या पाचपटीची अट मात्र याच्या वर राहू द्या. थर्मिस्टर रेग्युलेटरला चिकटून बसला तर तो खोलीपेक्षा पाच-सहा अंश जास्त दाखवतो आणि सगळी दुरुस्ती चुकीच्या वेळी होते.

विदर्भात ४५ अंशांच्या दुपारी माणूस पार्श्वभूमीपेक्षा थंड असतो. सिग्नल मिळतो, फक्त दिशा उलटते. ‘आधी वर, मग खाली’ असा ठरावीक क्रम प्रोग्राममध्ये मागू नका.

सप्लाय, सायरन आणि स्वतःच स्वतःला जागे करणे

एकाच १२ व्होल्टच्या ओळीवर डिटेक्टर आणि सायरन असतील तर सायरन सुरू होताच ओळ खाली बसते, डिटेक्टर ते सिग्नल समजतो आणि सायरन बंद होतच नाही. सायरनची तारांची जोडी पॅनेलपासून वेगळी काढा. डिटेक्टरच्या टोकाशी सायरन वाजत असताना व्होल्टेज मोजा. शांत असताना मोजलेला आकडा काही सांगत नाही. डिटेक्टरपाशी १एन ५८१९ डायोड आणि त्यानंतर १००० मायक्रोफॅरड लावला तर १५ मिलिअँपिअरच्या डिटेक्टरला २० मिलिसेकंदांच्या खंडात फक्त ०.३ व्होल्टची घट जाणवते. इन्व्हर्टरवर जाताना-येताना होणारे झटके यात जिरतात.

रिलेचे आणि दिव्याचेही असेच चक्र असते. रिले सुटतो, कॉइलचा झटका सप्लायवर येतो, डिटेक्टर पुन्हा पेटतो. कॉइलवर उलटा डायोड आणि आउटपुट बंद झाल्यावर अडीच-तीन सेकंद कानाडोळा, हे दोन्ही हवेत. समोर हॅलोजन असेल तर विझल्यावर त्याची काच थंड होत जाते आणि तोच बदल डिटेक्टरला दिसतो. दिवा लेन्सच्या नजरेबाहेर ठेवा.

जागा

उंची २.१ ते २.४ मीटर, कोपरा, आणि येण्याची वाट आडवी. एसीचा झोत, डेझर्ट कूलर, पश्चिमेची खिडकी, तेवता दिवा असलेला देव्हारा आणि फ्रिजची मागची जाळी नजरेत नको. सिलिंग फॅनची पाती पीआयआरला सहसा त्रास देत नाहीत. पण त्या हवेने हलणारा पडदा, कॅलेंडर किंवा दोरीवरचे कपडे देतात.

भिंतीतल्या पाइपातून तार आणली असेल तर पाइपाच्या तोंडातून हवा डिटेक्टरच्या आत येते आणि थेट सेन्सरवर आदळते. पत्र्याच्या शेडमध्ये ती हवा बाहेरच्या तापमानाची असते. पाइपाचे तोंड आणि कव्हरची सगळी भोके सिलिकॉनने बंद करा. त्याच सिलिकॉनमुळे मुंग्या, झुरळे आणि कोळीही आत येत नाहीत. सेन्सरच्या खिडकीपासून सेंटिमीटरभर अंतरावर चालणारी मुंगी दहा मीटरवरच्या माणसाइतकी मोठी असू शकते. लेन्सवर बसणारी पाल हा वेगळा प्रश्न आहे: जवळच रात्रभर जळणारा दिवा असेल तर किडे येतात आणि त्यांच्यामागे पाल. दिवा हलवा.

मांजर-कुत्र्यासाठी लेन्सच्या खालच्या ओळी आतून इन्सुलेशन टेपने झाका. पण खोलीत मांजर चढू शकेल असे कपाट किंवा जिना समोर असेल तर याचा उपयोग नाही.

पीआयआर आणि मायक्रोवेव्ह एकत्र

अवघड जागी दोन्ही तंत्रे असलेला डिटेक्टर घ्यावा. त्यातील १०.५२५ गिगाहर्ट्झचा डॉपलर भाग, म्हणजे परतलेल्या लहरींवरून गती ओळखणारा मायक्रोवेव्ह भाग, सेकंदाला १ मीटर वेगाने जवळ येणाऱ्याला सुमारे ७० हर्ट्झचा सिग्नल देतो. पीआयआर आडव्या चालीत तीक्ष्ण, मायक्रोवेव्ह समोरून येणाऱ्या चालीत. म्हणून असा डिटेक्टर वाटेला सुमारे ४५ अंशांवर बसवा. दोन्ही भाग ३ ते ५ सेकंदांच्या आत ‘हो’ म्हणाले तरच अलार्म.

चोक असलेल्या ट्यूबलाइटचा वायू सेकंदाला १०० वेळा पेटतो-विझतो आणि मायक्रोवेव्ह त्यावरून तशाच लयीत परततात. १०० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १.४२ मीटर, नेमकी भरभर चालणाऱ्या माणसाची गती. डॉपलर सिग्नल स्वतः हाताळत असाल तर १० मिलिसेकंदांची सरासरी १०० हर्ट्झ पुसते. सिलिंग फॅन मात्र असा पुसता येत नाही: पातीचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गतीने जवळ-दूर जातात, त्यामुळे सिग्नल वारंवारतेच्या सगळ्या पट्ट्यात पसरतो. तो रेंजबाहेर ठेवणे हाच मार्ग. मायक्रोवेव्ह प्लायवूड, जिप्सम आणि काच पार करतात, पीव्हीसी पाइपातून वाहणारे पाणीही पाहतात. म्हणून रेंज खोलीच्या भिंतीच्या आधी संपेल इतकीच ठेवा. ती पूर्ण मोकळी सोडली तर तो भाग कायम ‘हो’ म्हणत राहतो आणि तुम्ही दोन तंत्रांचे पैसे देऊन एकच वापरता.

एचसी-एसआर ५०१ वापरत असाल तर

हे स्वस्त, तयार पीआयआर मॉड्यूल आहे. यातील बीआयएसएस ०००१ चिप आपल्या सप्लायच्या ०.७ आणि ०.३ पटीवर बसवलेल्या दोन पातळ्यांनी निर्णय घेते. दोन्ही दिशा ती पाहते, पण रुंदी किंवा अदलाबदल पाहत नाही. म्हणून ते काम बाहेर करा. जंपर एल बाजूला, वेळेचा प्रिसेट सर्वांत कमीवर. आता एका ट्रिगरनंतर काही सेकंद आउटपुट वर आणि मग सुमारे अडीच सेकंद कानाडोळा. मायक्रोकंट्रोलरमध्ये १५ सेकंदांत दोन वेगळे ट्रिगर आले तरच सायरन, एकावर फक्त दिवा. एच बाजूला जंपर ठेवला तर हालचाल चालू असेपर्यंत आउटपुट वरच राहते आणि मोजण्यासारखे काही उरत नाही. ईएसपी ८२६६ हा वाय-फाय बोर्ड वापरत असाल तर तो मॉड्यूलला चिकटवू नका. २०-३० सेंटिमीटर दूर, आणि मॉड्यूलच्या सप्लाय पिनांवर २२० मायक्रोफॅरड व १०० नॅनोफॅरड.

कारण शोधणे

सर्वांत उपयोगी चाचणी ही: डिटेक्टरवर जाड पुठ्ठ्याचा किंवा थर्माकोलचा डबा बसवा, कडा टेपने बंद करा आणि रात्रभर सोडा. तरीही ट्रिगर आले तर कारण तार, सप्लाय, रेडिओ, आतला किडा किंवा मागच्या पाइपातली हवा आहे. लेन्ससमोरच्या खोलीत शोधण्यात अर्थ नाही. ट्रिगर थांबले तर कारण समोर दिसणाऱ्या जागेत आहे.

मग नोंद ठेवा. सायरन सोडवून, प्रत्येक पल्सची वेळ, उंची, दिशा, रुंदी, खोलीचे तापमान, सप्लाय आणि रिलेची अवस्था, असे किमान २४ तास. अलार्म न झालेले पल्सही नोंदवा, कारण खरी माहिती त्यांत असते.

एकच रुंद पल्स आणि मागे १५-२० टक्क्यांचा उलटा: हीटर, बल्ब किंवा एसी. ठरावीक अंतराने येत असेल तर फ्रिज आणि एसीच्या कॉम्प्रेसरच्या वेळा जुळवून पाहा. दोन्ही टोकांना आपटणारे अरुंद पल्स: रेडिओ, सैल जोड, जवळचा कॉन्टॅक्टर. दुपारीच येणारे लहान, बेशिस्त, सावकाश हेलकावे: मागच्या पाइपातली हवा, तापलेला पत्रा, हलणारा पडदा. आउटपुट बंद झाल्यावर नेमक्या तेवढ्याच सेकंदांनी येणारा ट्रिगर: स्वतःचाच रिले किंवा दिवा. आणि स्वच्छ, पूर्ण उंचीचे, तीन-चार अदलाबदलीचे पल्स आले तर नोंदीवर विश्वास ठेवा. तिथे काहीतरी उबदार खरोखर हलते आहे: रॅकवरचा उंदीर, वटवाघूळ, मांजर. अशा वेळी उंबरठा वाढवू नका, भोक शोधा.

दुरुस्तीनंतर चालून पाहा: वाटेला आडवे, सावकाश, नेहमीच्या चालीने आणि पळत, जवळून आणि सर्वांत दूरच्या भिंतीलगत. प्रत्येक वेळी पल्सची उंची उंबरठ्याच्या निदान दीडपट मिळायला हवी. हीच फेरी एकदा डिसेंबरच्या पहाटे आणि एकदा एप्रिलच्या दुपारी करा. एप्रिलमध्ये दीडपट मिळत नसेल तर उंबरठ्याला हात न लावता लेन्स आधी ओल्या मऊ कापडाने पुसा, आणि ती पिवळी-ठिसूळ झाली असेल तर बदला.